मुलूखबंदी

व्यापाराच्या इतिहासात गिऱ्हाइकाच्या शोधार्थ व्यापाऱ्याने सोसलेल्या हालअपेष्टांची वर्णने विपुल आहेत. त्यापायी गलबते बुडाली, तांडे लुटले गेले, आणि मिरी-लवंगांच्या पोत्यांसाठी राज्येच्या राज्ये पालथी झाली. परंतु गिऱ्हाईक स्वतः होऊन, पदरचे दाम दुप्पट मोजून, परमुलखाच्या पेठेतून माल घेऊन घरी परतले असता तो माल त्याच्या घरी चालू नये अशी तजवीज मालाच्याच पोटात अगोदर करून ठेवणारा, आणि ती तजवीज मोडू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाकडे अपराध्याच्या नजरेने पाहणारा व्यापारी अवतरण्यासाठी विसाव्या शतकाचा अखेरचा चरण उजाडावा लागला. व्हिडिओ गेमच्या धंद्यात या तजविजीला ‘रीजन लॉक’ असे म्हणतात. जपानात विकलेला खेळ जपानात विकलेल्या यंत्रावरच चालावा, अमेरिकेतला अमेरिकेतल्या यंत्रावर आणि युरोपातला युरोपातल्या; एकाने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकल्यास पडदा काळा व्हावा, असा हा एकंदर बंदोबस्त आहे.

मी स्वतः हयातीचा बराचसा भाग एका नगरपालिकेच्या जकात खात्यात काढलेला असल्यामुळे हद्द, नाका, दाखला आणि अडवणूक या गोष्टींविषयी मला एक प्रकारचा व्यावसायिक आदर आहे. आणि माझ्या पुतण्याच्या परदेशी पार्सलांवरच्या चिठ्ठ्या वाचता वाचता मी या विषयाकडे ओढला गेलो तो खेळाच्या गोडीने नव्हे, तर केवळ खात्याच्या अभिमानाने. आमच्या नाक्यावर मालमोटार अडवली जाई, कारकून पावती मागे, पावती नसल्यास मोटार बाजूला लागे आणि पुढील वाटाघाटी चहाच्या टपरीवर होत. तथापि नाका चुकवून आलेला माल एकदा का पेठेत पोचला, की तो निमूटपणे विकला आणि खाल्ला जाई. गुळाच्या एखाद्या ढेपेने घरी गेल्यावर, आपल्या मालकाने जकात भरलेली नाही सबब आपण गोड लागणार नाही, अशी हरकत घेतल्याचे माझ्या उभ्या नोकरीत ऐकिवात नाही. रीजन लॉकच्या जनकांनी नाका रस्त्यावरून उचलला आणि तो ढेपेच्या आत नेऊन बसवला. खात्यातला माणूस म्हणून मला या कल्पनेपुढे नतमस्तक होणे प्राप्त आहे.

या व्यवस्थेचा उगम मात्र अगदीच दुष्ट हेतूत नाही. १९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कोणीही उठावे, वाटेल तसला खेळ तयार करावा आणि दुकानात ओतावा, अशी बेबंदशाही माजल्यामुळे गिऱ्हाइकाचा सगळ्याच मालावरचा विश्वास उडाला होता. त्याच वर्षी जपानात निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र विक्रीस काढले, आणि १९८५ साली तेच यंत्र पोषाख व नाव पालटून ‘एनईएस’ म्हणून अमेरिकेत उतरवताना, मागची अनागोंदी पुन्हा उद्भवू नये म्हणून यंत्रात एक आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये एक अशी चिप बसवली. यंत्रातली चिप म्हणजे कुलूप आणि कार्ट्रिजमधली म्हणजे किल्ली. यंत्र सुरू होताच त्या दोघींत खुणेच्या शब्दांची देवाणघेवाण सुरू होते, आणि ती एकदाच होऊन थांबते असे नव्हे; खेळणारा राक्षस मारीत असो, नाणी गोळा करीत असो की जेवायला उठलेला असो, यंत्र चालू असेतो पडद्यामागे हे सवालजवाब अखंड चालूच राहतात. जबाबात तफावत पडली की कुलूप सगळ्या यंत्राला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून उभे करते, आणि ते दर सेकंदाला एकदा. पडदा उजळतो, विझतो. पुन्हा उजळतो, पुन्हा विझतो. न थकता, न रागावता, चहापाण्याची अपेक्षा न ठेवता गिऱ्हाइकाला प्रत्येक सेकंदाला नव्याने परत पाठवणारा असा कारकून आमच्या खात्याला कधीच लाभला नाही.

कंपनीच्या परवान्यावाचून कोणी खेळ काढू नये, आणि परवानाधारकानेही अमेरिकेत सालीना पाचांपेक्षा अधिक खेळ काढू नयेत, असे त्या काळचे फर्मान होते. अटारी गेम्स या संस्थेने ते मोडण्यासाठी कुलपाच्या आज्ञावलीची नक्कल थेट अमेरिकन सरकारच्या कॉपीराइट कचेरीतून, कोर्टाच्या कामासाठी हवी असे खोटेच लिहून देऊन, मिळवली. आणि या हिकमतीची साद्यंत हकिकत १९९२ सालच्या अपील न्यायालयाच्या निकालपत्रात नमूद होऊन अजरामर झाली. खोट्या अर्जावर नक्कल मिळवण्याची विद्या फक्त आपल्याच तालुका कचेऱ्यांत अवगत आहे, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ते निकालपत्र अवश्य वाचावे.

तर बनावट मालाला अटकाव म्हणून बसवलेल्या या चौकीदाराला, तू आता उभाच आहेस तर जाणाऱ्या-येणाऱ्यांचे गावही विचारीत जा, अशी जादा कामगिरी देण्यात आली, आणि तेथून पुढे जगाचा एक नवाच भूगोल तयार झाला. एनईएसच्या राज्यात युरोपाचे दोन सुभे पाडण्यात आले होते: एकात ब्रिटन, इटली आणि पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाचा ऑस्ट्रेलिया, आणि दुसऱ्यात उरलेला युरोप, त्यामुळे लंडनच्या मुलाने घेतलेला खेळ सिडनीला चाले, परंतु खाडीपलीकडे पॅरिसला चालत नसे. पुढे चित्रपटांच्या डीव्हीडीसाठी हीच विद्या वापरण्यात आली तेव्हा भरतखंडाला रशिया आणि बहुतेक आफ्रिकेसह पाचव्या प्रांतात टाकण्यात आले, जपानला युरोपाच्या पंक्तीत दुसऱ्या प्रांतात बसवण्यात आले, चीनला सहावा प्रांत एकट्याचा मिळाला, आणि आठवा प्रांत विमाने आणि जहाजे यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला. टॉलेमीपासून मर्केटरपर्यंत ज्या विद्वानांनी नकाशे काढण्यात डोळे फोडून घेतले, त्यांपैकी एकालाही तरंगती गलबते आणि उडती विमाने मिळून एक खंड होते हे सुचले नव्हते.

आपल्याकडे या कुलपाची ओळख निराळ्याच वाटेने झाली. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत दिवाळीच्या किंवा परीक्षेतील यशाच्या निमित्ताने जे ‘व्हिडिओ गेम’ आले, ते बहुतांशी फॅमिकॉमच्या पूर्वेकडून आलेल्या नकला होत्या, आणि त्यांत जी खोचायची तिला कार्ट्रिज न म्हणता सर्वजण ‘कॅसेट’ म्हणत. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर घालायची, हा त्या पिढीचा एकमेव तांत्रिक उपाय होता. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० दाते आणि अमेरिकन एनईएसच्या कॅसेटला ७२; त्यामुळे न्यू जर्सीच्या मामाने भाच्यासाठी प्रेमाने आणलेली अस्सल, परवानाधारक, खोक्यासकटची कॅसेट येथल्या यंत्रात शिरतच नसे, आणि रस्त्यावर घेतलेली, लाखभर खेळांचे अभिवचन देऊन पाच-सात खेळच पुन्हा पुन्हा दाखवणारी कॅसेट मात्र पहिल्याच फुंकरीला चालू होई. ज्या कुलपाचा जन्म नकली मालाच्या निर्दालनासाठी झाला, त्याने आपल्या मुलखात तरी अस्सल माल बाहेर ठेवला आणि नकली आत घेतला.

परंतु या विषयातील खरा नायक म्हणजे परमुलखाहून खेळ आणवणारा रसिक, ज्याला त्या वर्तुळात ‘इम्पोर्टवाला’ म्हणतात. हा मनुष्य चोर नव्हे. चोराला कुलपाची फारशी पंचाईत कधीच पडली नाही. हा मूळ किमतीवर दलालाची दस्तुरी, तिच्यावर टपालखर्च आणि त्यावर सरकारी जकात, असे सगळे निमूट भरणारा, आणि बदल्यात आपल्याला न वाचता येणाऱ्या भाषेतला खेळ घेणारा गिऱ्हाईक आहे. कोणत्याही सुबुद्ध व्यापाऱ्याने अशा माणसाची दृष्ट काढली असती. खेळाच्या व्यापाऱ्यांनी त्याच्यासाठी कुलूप काढले.

आणि कुलूप निघाले की त्याच्या मागोमाग त्याचा तोडगा निघे. एनईएसच्या आरंभीच्या काळात अमेरिकेत ‘जायरोमाइट’ नावाचा एक खेळ, एका मंदगती यंत्रमानवाच्या साथीने, विकला जात असे. तो खेळ म्हणून फार कोणाला प्रिय होता असे दिसत नाही. परंतु घाईगर्दीच्या दिवसांत कंपनीने त्याच्या काही कार्ट्रिजांत सर्किटची जपानी पाटीच ठेवून, तिला ७२ दात्यांच्या यंत्रात बसवण्यासाठी मध्ये एक जोड घातला होता, आणि किल्लीची चिप त्या जोडावरच होती. हे रहस्य फुटताच रसिकजन दुकानोदुकानी जाऊन जुन्या जायरोमाइटची कार्ट्रिजे हातात तोलून पाहू लागले. जे जड लागेल त्यात जोड असण्याचा संभव अधिक. घरी आणून स्क्रू काढावेत, आतला जोड बाहेर घ्यावा, त्यावर जपानी कार्ट्रिज चढवावे, आणि कंपनीच्याच किल्लीने कंपनीचेच कुलूप उघडावे. एखाद्या दुकानदाराने हे दृश्य पाहिले असल्यास, एक प्रौढ गृहस्थ मुलांचे खेळ सराफी गांभीर्याने तळहातावर तोलीत उभा आहे यावरून त्याने काय तर्क बांधला असेल तो असो.

१९९० साली जपानात ‘सुपर फॅमिकॉम’ आणि पुढल्या वर्षी अमेरिकेत तिची भगिनी आली, तेव्हा या दोन देशांपुरता तरी चिपचा प्रश्न उरला नव्हता. दोन्हीकडचे कुलूप एकच होते. अडथळा होता तो फक्त दोन प्लॅस्टिकच्या खुंट्यांचा. अमेरिकन यंत्राच्या खाचेत, मागल्या बाजूस, नखाएवढ्या दोन खुंट्या उभ्या होत्या. अमेरिकन कार्ट्रिजच्या पाठीला त्यांच्यासाठी चरे ठेवलेले असत आणि जपानी कार्ट्रिजला ते नसत, म्हणून जपानी कार्ट्रिज अर्ध्यावर जाऊन अडकून बसे. दोन महासत्तांमधला व्यापारी तट या दोन खुंट्यांवर उभा होता. रसिकाने रात्री निजानीज झाल्यावर पक्कड घ्यावी, जीव मुठीत धरून एक खुंटी पकडावी आणि पिरगाळावी. ‘कट्’ असा आवाज व्हावा, नवेकोरे यंत्र मोडले की काय या शंकेने घाम फुटावा, आणि मग दुसरी खुंटी पकडावी. एवढे केले की पॅसिफिक महासागर ओलांडला जाई. मी ज्या नोकरीत होतो तिथे सबंध नाका उखडून नेण्याची इच्छा पुष्कळांनी बोलून दाखवली, पण एका पकडीत ते साधेल हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

युरोपातील रसिकांची व्यथा याहून सूक्ष्म होती. त्यांच्याकडील विजेचा आणि म्हणून दूरचित्रवाणीचा ठेका सेकंदाला ५० होता, जपान-अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा ६०. आणि बहुतेक कंपन्यांनी खेळ युरोपात आणताना तो नव्या ठेक्यावर बसवण्याचे कष्ट घेतले नाहीत. परिणामी मूळ नायक जेवढ्या वेळात सहा पावले टाकी, तेवढ्यात त्याचा युरोपीय अवतार पाचच टाके, आणि पडद्याच्या वर व खाली शोकाच्या पट्ट्यांसारख्या काळ्या पट्ट्या येत. १९९१ सालचा ‘सॉनिक’ हा साळिंदराचा निळा नातलग, ज्याची सारी थोरवी धावण्यात सामावलेली, तोही युरोपात पेन्शनीत निघाल्यासारखा धावे आणि त्याच्या पाठीमागचे संगीतही त्याच्याच चालीने रेंगाळे. गंमत अशी, की पुष्कळ मुलांना याचा पत्ताच नव्हता. ज्यांनी परमुलखाहून यंत्र आणवले त्यांनाच प्रथम कळले, की आपले बालपण एकषष्ठांशाने संथ गेले. अशा ज्ञानाने सुख वाढते की कमी होते, याचा निर्णय मी तत्त्वज्ञांवर सोपवतो. इम्पोर्टवाल्याने मात्र दुसरे यंत्र, दुसरा दूरचित्रवाणी संच आणि विजेचा दाब उतरवणारे एक वजनदार खोके घेतले, आणि घरातल्यांना ते कशासाठी हे समजावण्याचा नाद सोडला.

प्लेस्टेशनने १९९४ साली याच विद्येत आणखी एक नाजूक काम केले. तबकडीच्या आतल्या वर्तुळातील खोबणीला मुद्दाम एक थरथर दिलेली असे, आणि त्या थरथरीत चार अक्षरे गुंफलेली असत. जपान, अमेरिका आणि युरोप यांच्यातला भेद काय तो शेवटच्या अक्षराचा. घरगुती नकलेत ही थरथर उतरत नसे. म्हणजे नक्कल ओळखणारा आणि परदेशी ओळखणारा पहारेकरी एकच. परिणाम व्हायचा तोच झाला: ज्या प्रामाणिक माणसाला टोकियोहून पूर्ण किंमत देऊन आणलेला खेळ चालवायचा होता, त्याला बाजारातून ‘मॉडचिप’ आणून यंत्रात डाख देऊन बसवावी लागे, आणि ती चिप परदेशी खेळाबरोबर चोरीच्या खेळालाही तितक्याच सौजन्याने वाट देई. सज्जनाला आडवाटेने चोरबाजारात नेऊन सोडायचे, आणि तो तिथे उभा दिसला की सुस्कारा टाकायचा, असा हा प्रकार झाला.

ऑस्ट्रेलियात हे प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले. सिडनीत मॉडचिपा बसवून देणाऱ्या एका इसमावर सोनी कंपनीने फिर्याद केली, तेव्हा त्या देशाचा सरकारी ग्राहक आयोग, ज्याने रिवाजाप्रमाणे तटस्थपणे कागद चाळीत बसायचे, तोच कोर्टात येऊन ग्राहकाची बाजू मांडू लागला. आणि २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने एकमताने त्या इसमाच्या बाजूने कौल दिला. पुढल्याच वर्षी कायदा कडक करण्यात आला खरा, पण तो करतानाही, परदेशात रीतसर विकत घेतलेला खेळ वा चित्रपट अडवण्यापुरते जे कुलूप असेल त्याला कायद्याचे संरक्षण नाही, असे कलम त्यात घालण्यात आले. ज्यांना ब्रिटन आणि इटलीच्या सुभ्यात कोंबण्यात आले होते, त्यांनी त्याचे उट्टे असे काढले.

हाँगकाँगच्या ‘लिक-सांग’ नावाच्या दुकानाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. जगभरच्या इम्पोर्टवाल्यांचे ते काशीक्षेत्र. सोनीचे ‘पीएसपी’ हे हातातले यंत्र जपानात डिसेंबर २००४ मध्ये आणि अमेरिकेत मार्च २००५ मध्ये निघाले, आणि युरोपाला मात्र सप्टेंबर २००५ पर्यंत तिष्ठत ठेवण्यात आले. या पीएसपीच्या खेळांना मुलूखबंदी नव्हतीच. कोणताही खेळ कोणत्याही यंत्रावर चाले. तेव्हा युरोपीय रसिकांनी काय करावे, हे शाळकरी मुलानेही सांगितले असते. त्यांनी हाँगकाँगहून यंत्रे मागवली, सोनीने लंडनच्या हायकोर्टात दावा लावला, आणि निकाल विरुद्ध गेल्यावर ऑक्टोबर २००६ मध्ये दुकानाने शटर ओढले. कंपनीचे म्हणणे, आपण ग्राहकाला युरोपीय सुरक्षेच्या कसोट्यांना न उतरलेल्या मालापासून वाचवीत आहोत. दुकानाने निरोपाच्या निवेदनात असा दावा केला, की आपल्याकडून यंत्रे मागवणाऱ्यांत सोनीच्याच युरोपीय शाखेतील वरिष्ठ मंडळींची नावे आहेत. हा दावा कितपत खरा हे ते दोघे जाणोत. जकात खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला त्यात अशक्य असे काही दिसत नाही.

या इतिहासातील माझे सर्वांत आवडते प्रकरण मात्र ‘झेनोब्लेड’चे आहे. ‘वी’ या यंत्रासाठी तो खेळ जपानात जून २०१० मध्ये निघाला. ऑगस्ट २०११ मध्ये तो युरोपात, संपूर्ण इंग्रजीत, ब्रिटिश नटांच्या आवाजात आला. आणि अमेरिकेत तो येणार की नाही याविषयी कंपनीने मौन धारण केले. वस्तुस्थितीचा जरा विचार व्हावा. खेळ इंग्रजीत आहे, अमेरिकन मनुष्य इंग्रजी जाणतो, त्याच्यापाशी तेच यंत्र आहे, खिशात पैसे आहेत, आणि लंडनहून मागवलेली तबकडी टपालाने त्याच्या टेबलावर येऊन पडलेली आहे. तरीही यंत्रातील कारकून तिच्याकडे पाहून मान हलवतो, कारण ते इंग्रजी अटलांटिकच्या त्या काठचे. १७७६ साली चहाच्या जकातीवरून भांडून इंग्लंडपासून वेगळ्या झालेल्या प्रजेला त्या फारकतीचे सर्व परिणाम तेव्हा लक्षात आले नसावेत. शेवटी रसिकांनी ‘ऑपरेशन रेनफॉल’ नावाची मोहीम उघडली, पत्रांचा पाऊस पाडला, आणि ॲमेझॉनवर जुन्या कच्च्या नावाने पडून असलेल्या त्या खेळाच्या नोंदीवर आगाऊ मागण्या नोंदवून तो, प्रकाशनाचा पत्ता नसताना, खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेऊन ठेवला. एप्रिल २०१२ मध्ये खेळ अमेरिकेत आला. गिऱ्हाइकांनी व्यापाऱ्याकडे, आमचे पैसे घ्या हो, म्हणून चळवळ करावी आणि व्यापाऱ्याने विचार करून सांगतो म्हणावे, असा सत्याग्रह अन्यत्र झाल्याचे निदान माझ्या वाचनात नाही.

याच सुमारास दोन अधिकाऱ्यांनी एका दालनात बसून केल्यासारखे दोन विनोद घडले. गेम बॉयपासून निन्टेन्डोची हातात धरायची यंत्रे बहुतांशी मुक्त असत, आणि ते उचितच होते, कारण जी वस्तू प्रवासात न्यावी म्हणूनच निर्माण झाली तिने प्रवासात गाठ पडणाऱ्या दुकानांना ओळख देऊ नये हे विचित्र. परंतु २०११ सालच्या ‘थ्रीडीएस’ला कुलूप बसले, आणि त्यानंतर ते यंत्र विमानतळावर उतरताच नव्या मुलखातील खेळांकडे सोवळ्यातल्या आजीबाईंसारखे पाहू लागले. दुसरा विनोद मायक्रोसॉफ्टचा. ‘एक्सबॉक्स वन’च्या, २०१३ च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या, मूळ नियमांप्रमाणे आरंभी २१ देशांपुरतीच त्या यंत्राची सेवा चालायची होती, आणि त्यांत पोलंड नव्हता. त्याच यंत्राची थोरवी गाण्यासाठी जे खेळ मिरवण्यात येत होते त्यांत ‘विचर’ मालिकेचा तिसरा भाग होता, आणि तो तयार होत होता वॉर्सात. म्हणजे आचाऱ्याने पंगतीचा स्वयंपाक करायचा, पण त्याच्या घराच्या हद्दीत तो गिळता यायचा नाही. बोभाटा इतका झाला, की १९ जूनला कंपनीने हा नियम, इतर काही नियमांसह, मागे घेतला.

माझा पुतण्या पुण्यास असतो, आणि तो गेली काही वर्षे जपानी भाषेच्या वर्गास जातो. पुण्यात जपानी शिकणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही; जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या त्या भाषेच्या परीक्षेला बसणाऱ्यांची तेथे रीघ लागते, आणि माझा धाकटा भाऊ, आपला मुलगा चाकणच्या एखाद्या जपानी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर जाणार, या आनंदात वर्गाचे शुल्क भरीत असतो. त्याच्या आनंदावर मी विरजण घातलेले नाही. वस्तुतः चिरंजीव जपानी शिकले ते केवळ, ज्या खेळांचे भाषांतर कोणी केले नाही आणि करणारही नाही, ते खेळण्यासाठी. कुलूप मोडता येते, चिप बसवता येते, खुंटी पिरगाळता येते. पण राक्षसाने दरवाज्यात उभे राहून केलेला पाच मिनिटांचा खुलासा कळला नाही, तर उघडलेल्या कुलपाचा उपयोग काय? त्याची शब्दसंपत्ती मात्र फार चमत्कारिक झाली आहे. शाप, उःशाप, दुर्ग, पदच्युत युवराज, धार लावलेली तलवार आणि कलंकित रक्त, हे सर्व त्याला अस्खलित येते, परंतु स्टेशनात तिकिटाची खिडकी कोठे हे विचारताना तो अडखळतो. आणि वर्गात बाईंनी स्वतःचा परिचय द्या म्हटले तेव्हा त्याने तो अशा काही सरंजामी जपानीत दिला, की बाईंनी प्रथम दचकून आणि मग पोट धरून, एवढे राजेपण मध्ययुगाच्या बाहेर चालत नाही, असे त्यास सांगितले.

त्याच्या नावाने पार्सल आले, की टपालाच्या परदेशी खात्यातील कारकून आणि तो यांच्यामध्ये जो संवाद घडतो, त्याला मी एकदोन वेळा स्वखुशीने हजर राहिलो आहे. कारकून कार्ट्रिज उजेडात धरतो. हे खेळणे की विजेचे उपकरण? जुने की नवे? जुने, तर एवढे महाग कसे? आणि नवे, तर खोक्यावर १९९५ कसे? पुतण्या घायकुतीस येतो. मी मात्र त्या कारकुनाच्या प्रश्नांचा क्रम, मधूनमधून चष्मा वर सरकवण्याची ढब आणि शिक्का उचलून पुन्हा खाली ठेवण्याची कला पाहत राहतो. चिपच्या सवालजवाबात हा भावार्थ नाही.

पुढे काळ सैल झाला. मार्च २०१७ मध्ये निन्टेन्डोचे ‘स्विच’ आले ते बंधमुक्त; कोणत्याही देशाचे कार्ट्रिज घ्यावे आणि घालावे. आपल्याकडे ते मुंबईच्या आयात मालाच्या बाजारांतून मिळू लागले, आणि इम्पोर्टवाल्यांच्या चेहऱ्यावर, शत्रू अकस्मात मेल्यावर म्हाताऱ्या सेनापतीच्या चेहऱ्यावर येते तशी पोकळी आली. ती फार काळ टिकली नाही. जून २०२५ मध्ये ‘स्विच २’ निघाले तेव्हा जपानात त्याचे दोन प्रकार ठेवण्यात आले: एक ४९,९८० येनचे, ज्याला जपानीवाचून दुसरी भाषा येत नाही आणि जे जपानातील खात्यालाच जोडता येते, आणि दुसरे ६९,९८० येनचे, बहुभाषी. येन घसरल्यामुळे परदेशी पाहुणे स्वस्तात माल उचलून नेतात म्हणून घरच्या गिऱ्हाइकासाठी केलेली ही व्यवस्था. या खेपेस कुलूप परक्यांना बाहेर ठेवण्यासाठी नव्हे, तर स्वस्ताई आत कोंडण्यासाठी.

पुतण्याने ही बातमी मला विजयी मुद्रेने वाचून दाखवली. इतरांना ज्या भाषेची धास्ती ती त्याला येते. वीस हजार येनचा लाभ म्हणजे एवढ्या वर्षांच्या वर्गशुल्काची भरपाई. मी, सवयीप्रमाणे, कागद-पेन्सिल घेतली. यंत्र टोकियोहून धाडणाऱ्या दलालाची दस्तुरी, विमानी टपाल, येथली जकात. जपानी खाते हवे, ते उघडता येईल. पण निन्टेन्डोच्या जपानी ऑनलाइन दुकानाने २५ मार्च २०२५ पासून परदेशी बँकांची क्रेडिट कार्डे घेणे बंद केले आहे, तेव्हा पैसे भरण्याची जपानी कुपने दुसऱ्या दलालाकडून, दुसऱ्या दस्तुरीवर घ्यायची. बिघडले तर दुरुस्तीला पुन्हा जपान. बेरीज केली तेव्हा ती बहुभाषी यंत्राच्या वर गेली, आणि येथल्या बाजारात काउंटरवर मिळणाऱ्या यंत्राच्याही बरीच वर गेली. मी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो शांतपणे वाचला, एका ठिकाणी माझी बेरीज तपासून पाहिली, आणि म्हणाला, “बरोबर आहे काका. पण जपानी खोक्यावरचं चित्र वेगळं असतं.”